पालथा रांजण

कौसाक्कानं जवानाला पाणी पाजून मारलं, हे तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा हातात हिरवा झेंडा घेऊन उभे होतात. परवा तेच पुन्हा बोललात, साहेब, स्टेशनच्या त्याच फलाटावर, पण खुर्चीत बसून, कारण आता तुमचे गुडघे चालत नाहीत. मागं संगमरवरी पाटी, पाटीवर तुमचं नाव. जखमी जवानांची सेवा तुमच्या प्रेरणेनं झाली म्हणे. माईक हातात घेऊन तुम्ही हसलात आणि म्हणालात, "सेवेलासुद्धा अक्कल लागते हो. आमच्या इथल्या एका अडाणी बाईनं मायेपोटी पाणी पाजलं आणि जवान गेला बिचारा."

तुम्ही खोटं बोललात. तेव्हाही, आणि परवाही.

मी मागच्या रांगेत होते. उठून बोलायला लागले तर तुमच्या एका माणसानं माझ्या हातात पेढा ठेवला. "आजी, बसा खाली, उन्हानं चक्कर येईल." पेढा खुर्चीवर ठेवून घरी आले. मी सातवी शिकलेली बाई आहे, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकले. तुमच्यासारखं भाषण मला जमत नाही. पण तो दिवस मी पाहिलाय.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. आपल्या जंक्शनवर कोळशाची इंजिनं पाणी घ्यायला थांबत. सीमेवरून पुण्याच्या लष्करी दवाखान्याकडे जाणाऱ्या जखमींच्या गाड्याही तशाच थांबत. पहिली गाडी आली तेव्हा कुणी काही ठरवलेलं नव्हतं. रेल्वेच्या चाळीतल्या बायका आपल्या आपण गेल्या. कुणी चहाची किटली, कुणी भाकरी-पिठलं, कुणी धुऊन फाडलेल्या लुगड्याच्या पट्ट्या. सगळ्यांच्या पुढं कौसाक्का.

कौसाक्का रेल्वेच्या दवाखान्यात आया होती. नवरा इंजिनावर फायरमन होता, तो वारल्यावर तिला ही नोकरी मिळाली. मूलबाळ नाही. आवाज असा की मालगाडीच्या शिट्टीवर चढायचा. आणि तिच्या दारात एक रांजण. येणारा-जाणारा, गँगमन, भिकारी, चुकून उतरलेला प्रवासी, कुणीही यावं, पाणी प्यावं. जवळ गुळाचा डबा. लांबून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊ नये, असा तिचा हट्ट.

आता हेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची चाळ रुळांच्या पलीकडची. तुमच्या घरात कौसाक्काच्या हातचं पाणी चालत नव्हतं. तुमच्या सौभाग्यवतींच्या महिला मंडळानं फलाटावर पितळी घागर वेगळी मांडली होती, झाकण लावून, आमचा हात लागू नये म्हणून. पहिल्याच गाडीतला एक हात गमावलेला सरदार सरळ अक्काकडे आला आणि तिच्या तांब्यानं प्याला. अक्का मंडळाच्या बायकांकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "बघा गं. गोळी लागल्यालं माणूस जात इचारत न्हाई. तुमाला कुटं लागलीया?"

त्या दिवशीची गाडी जेवणवेळ टळल्यावर आली. मी तेव्हा वीसच्या आतली, प्रथमोपचाराचा वर्ग केलेली, म्हणून मला डब्यात चढायची परवानगी. दारातच लष्करातली नर्स उभी होती. बुटकी, काळीसावळी, पांढरा पोशाख रक्तानं आणि चहानं डागाळलेला. सिस्टर अलेयम्मा. केरळची. मागच्याही एका गाडीबरोबर ती आली होती, त्यामुळे अक्काची आणि तिची ओळख.

त्या वेळी मंडळाच्या बायका पेटत्या निरांजनांची ताटं घेऊन डब्यात घुसत होत्या. सिस्टर दोन्ही हात पसरून ओरडली, "दिया बाहर! इधर ऑक्सिजन है! सब उड़ जाएगा!"

मंडळाच्या सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "अहो, पण कुंकू तरी लावू द्या."

"किधर लगाएगा? सिर पे पट्टी है. पट्टी को लगाएगा?"

अक्का पदर तोंडाला लावून हसली. "चला, हटा. सिस्टर, मला काम सांग."

सिस्टरनं अक्काचं मनगट धरलं आणि तिला कोपऱ्यातल्या खाटेपाशी नेलं. तिथं एक पोरगा पडला होता. मिशी अजून धड फुटलेली नाही. नाव दीवानसिंग, कुमाऊंच्या डोंगरातला. पोटात गोळी. सीमेवर एकदा ऑपरेशन झालं होतं, पण वाटेत आतले टाके सुटले. पोट फुगत चाललं होतं.

"सुनो अक्का," सिस्टर म्हणाली. "इसको पुणे में फिर से खोलना है. आज ही. शाम के पहले टेबल पे गया तो बचेगा. तब तक पानी नहीं. एक बूँद नहीं. पानी दिया तो मरेगा. बहुत माँगेगा. तुम होंठ गीला करो, बस. हाथ पकड़ो, वो सलाइन का बोतल खींचता है."

मी मराठीत सांगितलं. अक्का माझ्याकडे वळली.

"केशर, माझ्या दारातनं कुणी तहानल्यालं गेलं न्हाई. आन् मलाच ह्ये काम?"

"अक्का, इथं डॉक्टर एकच आहेत, ते शेवटच्या डब्यात अडकलेत. सिस्टरला बाकीचे सगळे बघायचेत."

अक्कानं लुगडं खोचलं आणि खाटेशेजारी खाली बसली. "बरं. खाऊ दे मला शिव्या."

शिव्या मिळाल्याच. आधी पोरगा नुसता म्हणत होता, "माँजी, पानी." अक्का ओल्या फडक्यानं ओठ पुसायची. तो फडकं चोखायला बघायचा, ती काढून घ्यायची. मग तो रडला. मग तिच्या आईवरून बोलला. अक्काला हिंदी फार येत नव्हतं, पण तेवढं कळलं.

"दे, अजून दे शिव्या," ती म्हणाली. "बोलायला ताकद हाय म्हंजी जित्ता हायेस."

"तुम कैसी औरत हो? पानी नहीं देती?"

"काय म्हनतोय?"

"कसली बाई आहेस म्हणतोय, पाणी देत नाहीस."

अक्काचे डोळे भरले, पण आवाज तसाच. "त्याला सांग, माझ्या दारात रांजण हाय. ह्येवढा मोठा. बरा हून ये म्हनावं. सगळा रांजण तुझा. बसून पी, उभा राहून पी, आंगावर वत. पर आज न्हाई."

मी सांगितलं. पोरगा थोडा शांत झाला. त्याच्या गावात नौला आहे म्हणाला. नौला म्हणजे दगडानं बांधून काढलेला झरा. पाणी इतकं गार की दात दुखतात. "तेरे मटके का पानी ठंडा है?"

"न्हाई तर काय गरम? गारच हाय की!" अक्का म्हणाली, जणू कुणी तिच्या इभ्रतीवरच बोट ठेवलं होतं.

मी खिडकीतून पुढं पाहिलं. इंजिनानं पाणी घेऊन झालं होतं. इंजिनात पाणी सोडणारी लोखंडी सोंड बाजूला फिरवून ठेवलेली. फायरमन खाली उतरून तंबाखू मळत होता. सिग्नल मात्र लाल. मला वाटलं, आता सिग्नलचा हात खाली पडेल आणि गाडी सुटेल.

नाही पडला. शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी आली, भरधाव, आणि पुढं निघून गेली. कोळसा पुढं गेला हो. माणसं उभी राहिली. मंडळाच्या बायकांनी वेळ जाईना म्हणून देशभक्तीची गाणी सुरू केली. फलाटावर शामियाना होता, सतरंजी होती, बँडवाले बिड्या ओढत बसले होते. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका आली.

सिस्टरनं पोराचं पोट पुन्हा दाबून पाहिलं आणि मला म्हणाली, "चलो मेरे साथ. स्टेशन मास्टर."

मास्तर टेबलावरचे कागद इकडून तिकडे करत होते. आम्हाला बघून उठले नाहीत.

"ट्रेन क्यों नहीं छोड़ता?" सिस्टर म्हणाली.

"इंजिन पाणी घेतंय, मॅडम."

"इंजन पी चुका! मैं देखा! तुम इंजन को पानी पिलाता है और मेरा पेशंट को मारता है?"

मास्तर माझ्याकडे वळले. "हिला समजाव. थोडा वेळ. वरून फोन आहे."

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"पुढची लाइन मोकळी आहे. आत्ताच मालगाडी सोडलीत."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. आवाजही खाली आणला. "आमदारसाहेब जीपमधून निघालेत. शहरातून फोटोग्राफर घेऊन येतायत. जवानांचं स्वागत करणार आहेत. गाडी गेली तर मी घरी जाईन. आणि तुझा बाप सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढतो ना? तोही जाईल."

सिस्टरला मराठी येत नव्हतं. पण फोटोग्राफर हा शब्द तिला कळला. तिनं दाराबाहेरचा शामियाना पाहिला, बँड पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं. टेबलावरचा फोन उचलून तिनं स्वतः फिरवायचा प्रयत्न केला. मास्तरांनी तो काढून घेतला. ती काढून घेऊ देत नव्हती, मास्तरांनी तिची बोटं सोडवली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

परत डब्यात आलो तेव्हा दुपारची शाळा सुटली होती, पोरं कुंपणावर चढून गाडी बघत होती. पोरगा आता पाणी मागत नव्हता. नुसता ओठ हलवत होता. अक्का त्याचे दोन्ही हात धरून बसली होती, पण आता धरायची गरज नव्हती.

सिस्टरनं नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. पोटावर हात ठेवला. मग खिडकीतून तो लाल सिग्नल बघितला. आणि खाली बसली, अक्काच्या शेजारी, लोखंडी फरशीवर.

"अक्का," ती म्हणाली. "अब दे दो."

"काय?"

"पानी. जितना माँगता है."

अक्कानं तांब्या उचलला आणि खाटेखाली लांब सरकवला. "न्हाई. म्या न्हाई देत. त्याला पुन्याला जायाचंय. तूच बोललीस. एक थेंब न्हाई बोललीस."

"अक्का..."

"केशर, हिला सांग, म्या न्हाई देत! येवढा येळ दिलं न्हाई, आता दिऊ? मग म्या शिव्या कशापायी खाल्ल्या?"

सिस्टरनं अक्काचा हात आपल्या हातात घेतला. "अब पुणे से कुछ नहीं होगा. देर हो गया. प्यासा नहीं जाना चाहिए, अक्का. मेरे से नहीं होता. तुम दो."

अक्कानं तांब्या ओढला. त्यात तिच्या रांजणातलं पाणी होतं. कनवटीतून गुळाचा खडा काढला. दातानं तोडून तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला आणि तांब्या लावला. तो प्याला. मोठे घोट घेत प्याला, थोडं मानेवरून ओघळलं. मग डोळे उघडून अक्काकडे बघितलं. "ठंडा है," म्हणाला.

आणि बाहेर तुमचा बँड सुरू झाला.

तुम्ही आलात. मागं फोटोग्राफर, मागं मंडळ, मागं गावातल्या दवाखान्याचा कंपाउंडर. कोणत्या जवानाजवळ उभं राहिलं तर फोटो बरा येईल हे तुमचा माणूस बघत होता. कंपाउंडरनं त्या पोराच्या पोटावरची पट्टी पाहिली, अक्काच्या हातातला तांब्या पाहिला, आणि तुमच्या कानात काहीतरी सांगितलं. पोटाच्या जखमेला पाणी चालत नाही, हे तुम्हाला त्या क्षणी कळलं. त्याआधी माहीत नव्हतं. नंतर मात्र तुम्ही ते जन्मभर सांगत आलात.

"काय चाललंय हे?" तुम्ही ओरडलात. "पोटात गोळी लागलेल्याला पाणी? कुणी चढू दिलं या बाईला?"

अक्का उठली नाही. पोराचं डोकं तिच्या हातावर होतं.

सिस्टर उठली. तुमच्यासमोर येऊन उभी राहिली, तुमच्या छातीएवढी. "ट्रेन किसने रोका?"

"मॅडम, आप बाजू हो..."

"ट्रेन किसने रोका? किसके लिए रोका?"

तुम्ही मान वळवलीत. फोटोग्राफरला म्हणालात, "इकडं नको, पलीकडं चल." पलीकडच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला एक जवान बसलेला होता. त्याच्या गळ्यात हार घातलात. फोटो झाला. मागं वळून बघितलं नाहीत. खाली उतरून मास्तरांच्या हातातला हिरवा झेंडा घेतलात आणि तो हलवत दुसरा फोटो काढलात. सिग्नल लगेच पडला. गाडी निघाली. दीवानसिंग तेव्हा गेलेला होता, आणि तुम्ही त्याला झेंडा दाखवत होतात.

अक्का आणि मी गाडी हलताना उतरलो. फलाटावर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "या बाईनं पाणी पाजून मारलं त्याला."

तिच्या हातचं पाणी. एवढंच पुरलं गावाला. कुणी विचारलं नाही, गाडी एवढा वेळ का उभी होती. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा हार घालतानाचा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात, एका स्थानिक स्त्रीच्या अज्ञानामुळे.

दवाखान्यानं चौकशी लावली. आदल्या संध्याकाळी मी अक्काकडे गेले. "अक्का, उद्या सांगा, सिस्टरनंच द्या म्हटलं. मी साक्ष देते."

अक्का भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "न्हाई सांगायचं."

"का?"

"तिनं पाणी दे म्हटलं, असं कागदावर आलं तर त्ये काय बगत्याल? कवा म्हटलं, कशापायी म्हटलं, इचारत्याल का कुनी? तिला घरी बसवत्याल. लडाई चालू हाय, केशर. अजून गाड्या येत्यात. तिला काडली तर त्या डब्यातली लेकरं कुनी बगायची? तुझा साहेब बगनार हाय?"

"आणि तुमचं?"

"माझं काय? आया मिळत्यात. अशी सिस्टर न्हाई मिळत." मग पीठ लागलेलं बोट माझ्याकडे रोखलं. "माझ्या गळ्याची आण. ती लष्करात हाय तवर बोलायचं न्हाई."

चौकशीत त्यांनी विचारलं, पाणी कुणाच्या सांगण्यावरून दिलंस? अक्का म्हणाली, "म्याच दिलं." मी ओरडून सांगितलं, गाडी साहेबांसाठी थांबवली होती, मास्तरांनी माझ्यासमोर कबूल केलंय. कारकुनानं पेन उचललंच नाही. मोठा अधिकारी म्हणाला, "पोरी, घरी जा. बापाचा विचार कर." अक्काची नोकरी गेली.

पण नोकरीचं तिला काही वाटलं नाही. रांजणाचं वाटलं. ती रोज सकाळी तो घासायची, भरायची, गुळाचा डबा ठेवायची. कुणी थांबेना. गँगमन मान खाली घालून पुढं जायचे. आमच्याच चाळीतल्या आया पोरांना सांगायच्या, तिथलं पिऊ नको, मरशील. आमच्याच चाळीतल्या, हेही लिहिते. तुमचं खोटं रूळ ओलांडून आमच्यापर्यंत आलं होतं. मी रोज जाऊन तिथं पाणी प्यायचे, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं, आवाज करत. अक्का म्हणायची, "किती पिशील गं? पोट फुटंल." एकट्या माणसानं पिऊन रांजण सरत नाही. पाणी शिळं व्हायचं, ती ते कडुनिंबाला घालायची आणि परत भरायची.

उन्हाळा लागला. चैत्रातलं ऊन. एक परका हमाल घामाघूम होऊन आला, रांजणावरचा पेला उचलला. कुणीतरी पलीकडून हाक मारली, त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं भरलेला पेला परत ठेवला. हळूच ठेवला, शिवी न देता. अक्का दारात उभी होती. तो गेल्यावर तिनं रांजण कवेत घेतला, सगळं पाणी अंगणात ओतलं, आणि तो पालथा घातला. परत कधी सुलटा केला नाही. ती मेली तेव्हाही तो तसाच होता.

सिस्टर अलेयम्मा त्या लाइनीवर पुन्हा आली नाही. आता कधीच निवृत्त झाली असेल, असेल तिथं सुखी असो. तिला आता कुणी घरी बसवू शकत नाही. म्हणजे माझी आण संपली. आणि तुम्ही नेमकं आत्ताच पुन्हा माईक धरलात.

मला ती पाटी उखडायची नाही. राहू दे. अक्काचं नावही त्यावर नको, तुमच्या नावाखाली ती मावणार नाही. मला एकच हवंय. तुम्ही त्या खुर्चीत बसून, त्याच फलाटावर, त्याच माईकवर, लोकांसमोर त्या दिवसाचं खरं सांगा. ते सांगितल्यावर टाळ्या वाजतील का, ते मला माहीत नाही.

रांजण आता माझ्या दारात आहे. अजून पालथाच. तुम्ही बोललात त्या दिवशी मी तो सुलटा करून भरणार आहे.

एका बुटक्या, दमलेल्या नर्सनं तुमच्यासमोर उभं राहून विचारलं होतं. तिला उत्तर न देता तुम्ही पलीकडच्या खाटेकडे गेलात. आता पलीकडची खाट नाही. आता मी विचारते.

गाडी कुणी थांबवली? कुणासाठी थांबवली?

बोला.